गोड्या पाण्यातलं अर्थिंग

आमच्या सोसायटीत तुळशीला पाणी घालणारे सतराजण आहेत आणि अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालणारे एकटे भालेराव. रोज सकाळी साडेसहाला अंघोळ आटोपून, पांढरा हाफ शर्ट आणि इस्त्रीची पॅन्ट घालून ते बादली घेऊन मीटररूमच्या मागे जातात. तिथे सिमेंटचा एक चौकोनी खड्डा आहे, त्यावर बिडाचं झाकण. झाकण काढायचं, आतल्या नळीच्या तोंडाशी सावकाश पाणी ओतायचं, ते मुरेपर्यंत उकिडवं बसून पाहायचं, झाकण लावायचं. महिन्यातून एकदा खडेमिठाची ओंजळ. नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी हे कुठल्या देवाचं ठाणं आहे अशी चौकशी केली, आणि दुसऱ्या दिवशी झाकणावर जास्वंदीची दोन फुलं होती. भालेरावांनी ती उचलून कठड्यावर ठेवली. फुलांनी रेझिस्टन्स कमी होत नाही, एवढंच म्हणाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विजेने वाट सोडली तर तिला मुकाट्याने जमिनीत जाता यावं म्हणून केलेली सोय म्हणजे अर्थिंग. खड्ड्यात तांब्याचा पत्रा पुरतात, भोवती मीठ आणि कोळसा भरतात आणि ती जागा ओली ठेवतात, कारण कोरड्या, अळणी जमिनीत वीज धड शिरत नाही. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. माझा आणि विजेचा संबंध ती गेल्यावर शिव्या देण्यापुरता. हे सगळं ज्ञान भालेरावांकडून फुकट आणि न मागता मिळालेलं आहे.

भालेराव विजेच्या खात्यातून निवृत्त झाले. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर ते आणि काकू दोघंच राहतात. कुणाच्या घरी गेले की आधी मीटर पाहणार, मग खुर्चीवर बसणार. लग्नात मांडवाच्या मागे जनरेटरपाशी सापडणार. मी पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा पेढे घेऊन गेलो, तर पेढा हातातच धरून ते वर आले, खिशातला टेस्टर काढून कॅबिनेटला लावला आणि टेस्टरचा दिवा पेटला. दोन दिवस मला बोटांना मुंग्या येत होत्या आणि मी त्या टायपिंगच्या समजत होतो. तेव्हापासून मी त्यांना हसतो ते त्यांच्या पाठीमागे.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे 'लेखी द्या'. दूधवाला उद्या येणार नाही म्हणाला की लेखी द्या. डॉक्टर साखर कमी करा म्हणाले की लेखी द्या. काकू म्हणतात, "माझ्या वडिलांनी मुलगी दिली म्हणून सांगितलं तेव्हाही हे लेखी द्या म्हणाले असणार. मला ऐकू आलं नाही म्हणून लग्न झालं."

मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. मीटिंगला उशिरा पोचलो त्याची ती शिक्षा. एका उन्हाळ्यात दिवसाआड पाणी होतं आणि वरच्या मजल्यांनी भालेरावांच्या बादलीबद्दल तक्रार केली. मला नाइलाजाने नोटीस काढावी लागली. चेहरा पाडून ती द्यायला गेलो, तर त्यांनी दारातच चष्मा लावून ती दोनदा वाचली, 'मिळाली' असं लिहून सही केली आणि चक्क खूश झाले. म्हणाले, "बरं केलंत, सेक्रेटरी. माणूस चुकला की नोटीस यायलाच हवी. पण मुदत घाला. किती दिवसांत पूर्तता करायची ते लिहिल्याशिवाय नोटीस पुरी होत नाही." मी सात दिवस असं लिहिलं. सातव्या दिवशी लेखी खुलासा आला की यापुढे खड्ड्यासाठी भाजी धुतलेलं पाणी वापरण्यात येईल. तसंच चालू आहे.

इथपर्यंत ठीक आहे. पेठांमध्ये याहून बरीच तऱ्हेवाईक माणसं सुखाने नांदतात. पण भालेरावांना नावांना विजेपासून वाचवायचं होतं. नावा म्हणजे पाण्यात चालतात त्या. पुण्याला समुद्र नाही. नदी आहे, तिच्यात वर्षातले आठ महिने नाव घातली तर ती उभी राहील, चालणार नाही. तरी भालेराव बुधवार पेठेत तांब्याची पट्टी आणायला गेले आणि मी बरोबर होतो. दुकानदाराने कुठल्या इमारतीसाठी म्हणून विचारलं. नावेसाठी, भालेराव म्हणाले. दुकानदाराने पट्टी मापता मापता, वर न पाहता विचारलं, "कितवा मजला?"

नदीवर एका कॉलेजचा बोटींचा कार्यक्रम होता, त्याचे पास माझ्याकडे आले. शेवटी सगळ्या मुलांनी एका तालात वल्ही उभी आकाशाकडे धरली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि भालेराव पाठीमागे जाऊन तिथल्या प्राध्यापकांना सांगत होते की पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू आपण असू नये. वीज उंच वस्तू शोधते. प्राध्यापकांनी आभाळाकडे पाहिलं. निरभ्र होतं. त्यांनी भालेरावांना चहा दिला.

आणि पत्रं. माझ्याकडे प्रिंटर आहे हे कळल्यापासून त्यांची पत्रं मी टाइप करत असे. 'विषय: धरणातील प्रवासी नावांस वीजप्रतिबंधक बसविणेबाबत.' एका कार्यालयाने कळवलं की नाव ही इमारत नसल्याने नियम लागू होत नाहीत. दुसऱ्याने कळवलं की सदर विषय पाण्याचा आहे. पाण्यावाल्यांनी कळवलं की सदर विषय विजेचा आहे. भालेराव प्रत्येक उत्तर भोक पाडून फायलीला लावायचे. ती फाईल चार बोटं जाड झाली होती आणि मला वाटायचं की निवृत्त माणसाला काहीतरी हवंच, कुणी ब्रिज खेळतं, कुणी संपादकांना पत्रं लिहितं. असं वाटणं किती सोपं होतं.

आमच्या कंपनीत त्या वर्षी भरती इतकी जोरात होती की नव्या मुलांची नावं पाठ व्हायच्या आत ती अमेरिकेत पोचलेली असायची. तेव्हा सगळ्यांनी एकमेकांना ओळखावं म्हणून पानशेतच्या बॅकवॉटरला एका रिसॉर्टवर सहल ठरली. दिवस निवडला बुद्धपौर्णिमेचा. सुट्टीच्या दिवशी नेतात म्हणून मुलं चिडली. भालेराव मात्र वर आले आणि बसमध्ये एक जागा मिळेल का म्हणून विचारलं. दर बुद्धपौर्णिमेला ते स्कूटरवरून त्याच बाजूला जायचे, पण गुडघ्यांनी आता राजीनामा दिला होता. मी हो म्हटलं. बसमध्ये ते पहिल्या सीटवर ताठ बसले, मांडीवर पितळी कडीचा एक डबा. काकूंनी केलेली खीर होती. मला वाटलं आमच्यासाठी.

रिसॉर्टला फायबरच्या सहा बोटी होत्या, पिवळ्याधमक. भालेराव प्रत्येकीभोवती फिरले, वाकून तळ पाहिला, कुठेही तार नाही, पत्रा नाही. आमचा मॅनेजर दिल्लीकडचा, स्वभावाने चांगला. त्याने समजावलं की अंकल, ये तो फायबर है, इसपे बिजली आयेगी ही नहीं. भालेराव सरकारी हिंदीत म्हणाले, "बोट फायबर की है. आदमी किस का है?"

दुपारी तीनच्या सुमाराला पूर्वेकडे ढग चढले. कुठेतरी लांब गुरगुरलं आणि भालेराव धक्क्यावर उभे राहून ओरडायला लागले. मी त्यांचा आवाज इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. शर्यत अर्ध्यावर होती. मुलं हसत होती, हात हलवत होती. भालेराव गुडघाभर पाण्यात उतरले, इस्त्रीच्या पॅन्टसकट, आणि सगळ्या बोटी काठाला लागेपर्यंत बाहेर आले नाहीत. मग दोनदा गडगडलं, पाचपन्नास थेंब पडले आणि ऊन आलं. वीज पडली नाही. मुलांनी भजी खाल्ली आणि भालेरावांचं नाव थंडर अंकल ठेवलं. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की काका, आज तुम्ही माझी लाज काढलीत. त्यांनी मान हलवली. ओली पॅन्ट पिळत म्हणाले, लेखी द्या. मला वाटलं थट्टा करताहेत.

मग त्यांनी डबा उचलला. "पाच मिनिटांचं काम आहे, येता का? एकट्याने गेलं की होत नाही."

रिसॉर्टच्या कुंपणाला लागूनच वस्ती होती. चालता चालता त्यांनी मला सगळं सांगितलं, तेही खात्याचा अहवाल वाचावा तसं. ते नोकरीत असताना पलीकडच्या गावाला खांब टाकायचं काम त्यांच्याकडे होतं. रस्ता नव्हता. धोंडिबा नावाचा नाववाला त्यांना दोन वर्षं ने-आण करायचा. लाकडी नाव. साहेबांकडून भाडं घ्यायचा नाही, कारण साहेब गावात दिवे आणणार होते. वैशाखात ढग दिसला की धोंडिबा नाव काठाला ओढून पालथी घालायचा आणि अर्धा अर्धा दिवस बसून राहायचा. इतका धट्टाकट्टा माणूस विजेला भितो याचं भालेरावांना वाईट वाटायचं. त्यांनी बुधवार पेठेच्या फुटपाथवरून बोटींवरचं एक जुनं परदेशी पुस्तक मिळवलं, त्यातल्या आकृत्यांवरून सुट्टीच्या दिवशी धोंडिबाच्या नावेला दांडा उभा केला, वरून तांब्याची पट्टी खाली आणली आणि तळाला पाण्यात एक चौरस फुटाचा पत्रा ठोकला. वीज दांड्यावर येईल, पट्टीतून उतरेल आणि पत्र्यातून पाण्यात जाईल. नारळ फोडला. आता भिऊ नकोस, असं त्यांनी स्वतः धोंडिबाला सांगितलं.

पुढच्या वैशाखात, पौर्णिमेला, पलीकडे लग्न होतं. ढग आले. धोंडिबाने नाव काठाला लावली नाही, कारण साहेबांनी तार बसवली होती. वीज दांड्यावर आली, पट्टीतून उतरली, पण पत्र्यापाशी आल्यावर पाणी तिला सगळीच्या सगळी घेईना. उरलेली आडवी उडाली. पट्टीला लागून वल्हं धरून धोंडिबा उभा होता. पुढे बसलेली चार माणसं वाचली.

"पुस्तक समुद्राचं होतं, सेक्रेटरी," भालेराव म्हणाले. "समुद्राच्या पाण्यात मीठ असतं. तिथे तेवढा पत्रा पुरतो. हे धरणाचं गोडं पाणी. मी तीस वर्षं खड्ड्यात मीठ घालत आलो. आणि पाण्यात मीठ आहे की नाही हे पाहिलं नाही."

आम्ही चालत राहिलो.

घर पत्र्याचं होतं, अंगण सारवलेलं. धोंडिबाची बायको कोंडाबाई साठीच्या पुढची. भालेरावांना पाहून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, घोंगडी टाकली आणि इतक्या उशिरा आलात म्हणून लटकी रागावली. आम्हाला पाणी दिलं. पाण्याच्या हंड्यावर झाकण म्हणून तांब्याचा एक चौकोनी पत्रा होता. चिंचेने घासून इतका लख्ख ठेवलेला की त्यात छप्पर दिसत होतं. चारी कोपऱ्यांना खिळ्याची भोकं होती. मी भालेरावांकडे पाहिलं. ते पाणी पीत होते. दरवर्षी याच हंड्यातलं पीत असणार.

भालेरावांनी तांब्या खाली ठेवला आणि उभे राहिले. साहेबासमोर कारकून उभा राहतो तसे. आणि सांगितलं. पुस्तकाचं, मिठाचं, पत्र्याच्या मापाचं, आणि भिऊ नकोस म्हणाल्याचंही. बाई, तुमचा माणूस माझ्या चुकीने गेला. तार नसती तर तो काठाला बसला असता.

कोंडाबाई ऐकत होती. मला वाटलं आता ती रडेल, किंवा तो पत्रा उचलून अंगणात फेकेल. खरं सांगायचं तर मला तिने तसं करावं असंच वाटत होतं.

ती म्हणाली, "साहेब, तुमी कशापायी जिवाला लावून घेता? ईज काय तुमच्या तारंला इचारून पडती व्हय? पान्यात मीठ न्हाई, त्यात तुमचा काय दोष? पानी काय तुमी केलंय? तुमची तार व्हती म्हनून चार मान्सं घरला आली. माझ्या मान्साचं तेवढंच व्हतं."

भालेराव पुन्हा सांगायला लागले. रेझिस्टन्स म्हणाले, चौरस फूट म्हणाले. ती मान हलवत होती, आजाऱ्याच्या बोलण्याला हलवतात तशी. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली की लई देवमानूस हाय, दुसऱ्याचं सगळं सोताच्या अंगावर घेतो. खीर तिने पातेल्यात काढून घेतली. डबा घासला, पुसला. भरून आलेला डबा रिकामा कसा पाठवायचा, म्हणून त्यात काठोकाठ करवंदं भरली. काल मुद्दाम साहेबांसाठी वेचून ठेवली होती.

परतीच्या बसमध्ये भेंड्या चालू होत्या. मुलांनी करवंदं मागितली, भालेरावांनी डबा मागे दिला, तो हातोहात फिरून रिकामा आला. त्यांनी स्वतः एकही खाल्लं नाही. पुण्याचे दिवे दिसायला लागल्यावर म्हणाले, "दरवर्षी सांगायला जातो आणि डबा भरून घेऊन येतो. या वर्षी सांगितलं. तरी भरलाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती चार बोटं जाड फाईल माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी टाइप केलेली पत्रं वर होती. खालची हाताने लिहिलेली, कागद पिवळे पडलेले. सगळ्यांत तळाच्या पत्राचा विषय होता: 'माझ्या चुकीची चौकशी होणेबाबत.' त्यावर शेरा होता की सदर मृत्यू नैसर्गिक आपत्तीने झालेला आहे. पुढच्या पत्रावर उत्तर होतं की सदर काम सुट्टीच्या दिवशी, खाजगीरीत्या केलेलं असल्याने खात्याचा संबंध येत नाही. त्याच्या पुढच्यावर, की सदर नाव कोणत्याही नोंदवहीत नसल्याने आपला दोष निश्चित करता येत नाही. असं एकेक. वर्षानुवर्षं हा माणूस दारोदार अर्ज करत होता की मला दोषी धरा, आणि एवढ्या मोठ्या राज्यात त्याला कुणी दोषी धरत नव्हतं. शेवटी त्याने विषय बदलला आणि बाकीच्या नावांना तार बसवा म्हणायला लागला. तिथून पुढची पत्रं माझी. मी त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाला हसलो होतो.

"तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी आहात," भालेराव म्हणाले. "शिक्का आहे तुमच्याकडे. तुम्ही मला लेखी द्या."

मी म्हटलं, काका, सोसायटीचा यात काय संबंध? हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला फाईल पुन्हा उघडून त्यात ते लावावंसं वाटलं. ते जिना उतरून गेले. मी तीन दिवस जिन्याऐवजी लिफ्टने उतरलो, म्हणजे त्यांच्या दारावरून जावं लागू नये. खालून सकाळी झाकणाचा आवाज यायचा.

चौथ्या दिवशी काकू आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. "लिहून द्या एकदाचं," म्हणाल्या. "मी तोंडी सांगून पाहिलंय. तुमचीच चूक होती, असं मी त्यांना बऱ्याच वर्षांपूर्वी स्पष्ट सांगितलं. बायकोचं तोंडी त्यांना चालत नाही." नेहमीसारखंच कोरडं बोलल्या आणि मग पदराने नाक पुसलं.

मी सोसायटीचं लेटरहेड काढलं. दिवसभर कोड लिहिणारा माणूस, चार ओळींना मला अख्खी दुपार लागली. प्रति श्री. भालेराव. आपण धोंडिबा यांच्या नावेस बसविलेला एक फुटाचा तांब्याचा पत्रा गोड्या पाण्यास अपुरा होता. आपण पाण्याची खात्री केली नाही, आणि भिऊ नकोस असे सांगितले. त्यामुळे त्यांचा जीव गेला. हा दोष आपला आहे. याची नोंद घ्यावी. खाली सही केली, शिक्का मारला. इतकं क्रूर काही मी आयुष्यात लिहिलेलं नाही आणि ते मी त्यांच्यावरच्या मायेने लिहिलं, हे मला कुणाला पटवता येणार नाही.

दोन प्रती घेऊन खाली गेलो. भालेरावांनी दारातच चष्मा लावला. पहिल्यांदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना खिशातलं पेन काढून 'एक फुटाचा'च्या मध्ये 'चौरस' घातलं. दुसऱ्या प्रतीवर 'मिळाली' असं लिहून सही केली, तारीख घातली. कागदाची घडी करून ती वरच्या खिशात, टेस्टरच्या मागे ठेवली. माझे डोळे भरून आले होते, त्यांचे कोरडे होते. वीस वर्षांनी कुणीतरी अर्ज स्वीकारला, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि मला वाटलं की झालं, सुटला बिचारा.

मी जिन्याकडे वळलो तेव्हा त्यांनी हाक मारली. घडी परत उघडली होती. बोट शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर होतं.

"सेक्रेटरी, मुदत घातली नाहीत. किती दिवसांत पूर्तता करायची?"

त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. मी ते घेतलं. ते चष्मा सारखा करून, मी काय लिहितो ते पाहत उभे राहिले.